उकिरड्यात पुरलेला लेक

माझ्या थोरल्या लेकाच्या लहानपणाची गोष्ट जेवताना काढायची नाही, असा आमच्या घरात नियम आहे. नियम मीच केला. एकदा पंगतीत कोणीतरी विचारलं, "आजी, बाबा म्हणे कधी रांगलेच नाहीत?" आणि मी सांगायला लागले. अर्ध्या गोष्टीत दोघी सुनांनी ताटं सारली, आणि जावई हात धुवायला म्हणून उठला तो परत आला नाही. तेव्हापासून ही गोष्ट जेवणानंतर, तीही पान खाऊन झाल्यावर. वाचणाऱ्यांनीही तेवढं पथ्य पाळावं.

गोष्ट कापसाच्या वर्षांतली. सातासमुद्रापलीकडं कुठंतरी गोऱ्या लोकांची आपसात जुंपली होती, तिकडचा कापूस अडला, आणि त्यामुळं म्हणे आमच्या वऱ्हाडातल्या काळ्या मातीचं नशीब उघडलं. लढाई कोणाची, कशावरून, हे आम्हा बायकांना शेवटपर्यंत कळलं नाही. आम्हाला कापूस कळत होता. अकोल्याच्या आमच्या घरात कापूस नाही अशी जागा चुलीपुढची तेवढी. ओसरीवर कापूस, माजघरात कापूस, बाळंतिणीच्या खाटेखाली कापूस. भाकरीत तंतू, दुधात तंतू, नाकात तंतू. आणि माणसं! ओसरीवर बसून अमरावतीचे दलाल सासऱ्यांशी सौदा करत आणि बोलता बोलता तंबाखूच्या पिचकाऱ्या मारत. त्या पिचकाऱ्या भिंतीवरून ओघळत जमिनीवर येत, आणि जमीन सारवायची मी. आज लोक उसासे टाकतात, काय ते दिवस होते! दिवस होते खरे, पण त्यांचा वास माझ्या नाकात आहे, उसासे टाकणाऱ्यांच्या नाही.

हातात पैसा आला तशी माणसांची अक्कल गेली. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसल्या. मग पोरांनी काय घोडं मारलं होतं? माझ्या लेकासाठी अकोटहून माझ्या बापानं चांदीचे तोडे पाठवले. ते पाहून सासऱ्यांनी अमरावतीच्या सोनाराकडून त्याहून जाड घडवून आणले. एकाचे घालावेत तर दुसऱ्याचा अपमान, म्हणून दोन्ही जोड घातले. वर कमरेला साखळी, साखळीला घुंगरं. पोर नव्हे, सोनाराचं दुकान. आणि ते दुकान मांडीवर घेऊन मी दारात बसायची. सतरा-अठरा वर्षांची असेन. अकलेचा पत्ता नव्हता, नाक मात्र होतं, आणि ते कायम वर.

माझ्या थोरल्या जावेचा मुलगा माझ्या लेकाच्याच वयाचा. तो वेळेवर पालथा पडला, पोटावर सरकला आणि मग रांगायला लागला. रांगणारं पोर मी तेव्हा पहिल्यांदाच जवळून पाहत होते, आणि मला त्याची शिसारी आली. जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात. सरकी, शेळीच्या लेंड्या, मेलेली माशी. एकदा तो दलालाची ताजी पिंक बोटानं निपटून चाटत होता. माझा लेक मात्र कापसाच्या ढिगाला टेकून, चांदीचे पाय पसरून बसलेला. स्वच्छ. गोरा. माशी बसली तर मी उडवायची.

"जाऊबाई, तुमचं पोट्टं सरड्यावानी फिरते," मी म्हणायची. "माह्या लेकाले पाहा, कसा पाटलावानी बसते."

"पाटील बी कवा कवा उठते वं," जाऊ म्हणायची आणि पोराच्या तोंडात बोट घालून आतली लेंडी काढायची.

वर्ष होत आलं तरी माझे पाटील काही उठेनात. मग एक दिवस हलले. ढुंगणावर. एक पाय आखडलेला, दुसऱ्याची टाच जमिनीत रोवून रेटायचं, आणि बाजूला एक हात होडीच्या वल्ह्यासारखा. खळ्ळ, खळ्ळ, खळ्ळ. ओसरीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. लंगोट वगैरे तेव्हा कोण घालत होतं? सारवणाचं ओलं शेण, पिचकारी, वासराचं मूत, स्वतःचंही जे काही असेल ते, सगळं तो बुडानं गोळा करायचा आणि आणून माझ्या मांडीवर बसायचा. मी ज्या पोराला हसले होते, त्याची निदान घाण तोंडातच जात होती. माझ्या पोराची घाण माझ्या लुगड्यावर यायची. तरी माझा तोरा उतरला नाही. मी म्हणाले, "आमचा लेक बसूनच हिंडते. त्याले वाकाची सवय नाही."

असं म्हणणाऱ्या बाईच्या कानशिलात कोणीतरी द्यायला हवी होती. ती अमरावतीला बसली.

नणंदेच्या घरी बारसं होतं, म्हणून मी आणि सासूबाई बैलगाडीनं अमरावतीला गेलो. घर बायकांनी भरलेलं. मी लेकाला मधोमध सोडला, चांदी दिसावी म्हणून. तो बायकांच्या घोळक्यातून खळखळत, बूड घासत निघाला. नणंदेनं तोंडात घुगऱ्यांचा बोकणा भरला होता. तसंच भरल्या तोंडानं तिनं विचारलं,

"वयनी, पोरगं पांगयं तं नाही?"

दोन घुगऱ्या उडून माझ्या हातावर पडल्या. मी त्या पुसल्याही नाहीत.

पांगळं. हा शब्द तोवर माझ्या डोक्यात आला नव्हता. एकदा आला आणि मग दुसरं काही दिसेना. अकोल्याला देवळाच्या पायरीशी एक माणूस बसायचा. पाय वाळलेले, हातांवर रेटत रेटत चालायचा, एका बाजूनं. त्याच्या पुढ्यात लोक भाकरीचे तुकडे लांबून टाकायचे, कुत्र्याला टाकावे तसे. मीही लांबूनच टाकायची, कारण त्याला वास यायचा. त्या दिवसापासून लेक घसरत यायला लागला की मला तो माणूस दिसायचा, लेकाचं तोंड लावलेला.

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर मागं पडलं तेव्हा सासूबाईंनी तोंड उघडलं.

"अकोटवाली, हा पोटात होता तवा गिऱ्हानात काय चिरलं तू?"

"काई नाही, आत्याबाई."

"आठव."

मला आठवलं. काकडी. ग्रहण लागलेलं असताना कापसाच्या ढिगामागं लपून खाल्लेली. विळीनं नाही, दातांनी तोडून. दातांनी तोडलं तर ते चिरणं होतं का, यावर मी थेट अकोल्यापर्यंत विचार केला. इतका विचार मी पुढं आयुष्यात कशावर केला नाही. सांगायचं ते सांगितलं नाहीच.

घरी आल्यावर उपाय सुरू झाले, आणि त्यातला एकही मी कोणावर सोडला नाही. गांडुळाचं तेल चांगलं म्हणून मी मोरीमागची ओली माती उकरून गांडुळं वेचली, तेलात कढवली. ती कढताना जो वास सुटला त्यानं गोठ्यातली गाय हंबरली, खोटं नाही. आमच्या शेजारी एक पिंजारी राहायचा. त्याची बायको भिंतीवरून म्हणाली, "अगे बहन, कीडे कायको लगाती? सांडे का तेल लगा. मेरे मियां की कमर इसीच से खडी हुई." सांडा म्हणजे सरड्याच्या जातीचा जाड शेपटीचा जीव, त्याच्या चरबीचं तेल. बिचारीनं स्वतःची बाटली दिली. तेही चोळलं, गांडुळाच्या वरून. गाढविणीचं दूध पाजलं, ते त्यानं माझ्या पदरात ओकलं. लेकाच्या पायांना माशा बसायला लागल्या. घरधनी रात्री खोलीत पाऊल टाकून म्हणाले, "काय मेलं अठी?" आणि खाट उचलून अंगणात गेले. मी मात्र पोराला उराशी धरून झोपायची. त्या वासात. प्रेम आंधळं असतं म्हणतात. माझ्या प्रेमाला नाकही नव्हतं.

मार्गशीर्षात सूर्याला ग्रहण आहे असं जोशी सांगून गेला, आणि सासूबाईंनी शेवटचा उपाय काढला. ग्रहण लागलं की न चालणारं पोर उकिरड्यात कमरेइतकं पुरायचं आणि ग्रहण सुटलं की काढायचं. आमच्याकडं हे जुनंच आहे. त्यांच्या आजीनं कोणाला तरी पुरलं होतं.

आता तुम्हाला वाटेल, सासूनं सुनेचा छळ मांडला. छे. सासूबाई सांगून थोड्या कचरल्या होत्या. "थंडीचे दिवस हायेत, पाह्य बापा तू," असं म्हणाल्या. फावडं मी उचललं. गडी पुढं आला तर त्याला हात लावू दिला नाही. आईच्या हातानं खड्डा झाला की गुण लवकर येतो, असं मीच ठरवलं. कोणी सांगितलं नव्हतं.

उकिरडा कसा असतो हे शहरातल्या वाचकांसाठी लिहिते. वरून तो वाळलेला दिसतो. फावडं घातलं की आतून वाफ निघते, थंडीतही. गोठ्यातलं शेण, चुलीतली राख, कुजलेला कडबा, कोंबडीची पिसं, शिळ्या आमटीची बुरशी, बाळंतिणीच्या चिंध्या. हातभर खाली गेले तर पांढऱ्या, जाड अळ्या वळवळत बाहेर आल्या. एक माझ्या पायाच्या बोटांत शिरली. मी ती झटकली आणि खणत राहिले. ओकारी आली तेव्हा बाजूला जाऊन ओकले, तोंड पुसलं, परत खणलं. आणि त्या खड्ड्याकडं पाहून मला काय वाटलं असेल? समाधान. छान ऊबदार झालाय, असं वाटलं.

ग्रहण लागलं. गल्लीत "दे दान, सुटे गिऱ्हान" अशी आरोळी उठली. लेकाला उचलून आणला तशा सासूबाई म्हणाल्या,

"थांब. चांदी काढ. शेणानं काई पडन."

पोराचं काय होईल हे कोणी विचारलं नाही. चांदी काळी पडेल, हे सगळ्यांना सुचलं. दोन्ही जोड काढले, साखळी काढली, फडक्यात बांधून जावेकडं दिली. मग लेकाला खड्ड्यात उभा धरला आणि दोन्ही हातांनी मी भोवती शेणखत लोटलं, वरून थोपटलं. भिंत लिंपावी तसं.

आधी तो हसला. मूठभर उचलून तोंडात घातलं. ज्या पोरावर मी माशी बसू देत नव्हते, ते पोर कमरेइतकं शेणात उभं राहून शेण खात होतं, आणि मी हात जोडून सूर्याला म्हणत होते, गुण दे.

मग त्याचं तोंड बदललं. आधी ओठ बाहेर आला, मग रडला, मग जो रडला ते मी आजवर दुसऱ्या कोणाचं ऐकलं नाही. आतून उकिरडा भाजत होता. थोपटताना माझ्या हातांना कढत लागलं होतं, पण मी त्याला ऊब म्हणत होते.

"काढ वं त्याले!" जाऊ ओरडली.

"सुटू दे गिऱ्हान," सासूबाई म्हणाल्या. "मधात काढला तं पांगयाच राह्यन जलमभर."

जलमभर. देवळाच्या पायरीशी, हातांवर रेटत. मी अर्ध्या सूर्याकडं पाहिलं, पोराकडं पाहिलं. तो माझ्याकडं हात करून रडत होता, आणि रडता रडता त्याचा आवाज बसत चालला होता. मला ठरवायला किती वेळ लागला कोण जाणे. हातांनी शेण उपसायला लागले तेव्हा ठरलेलं नव्हतंच. त्याला काखेत धरून ओढला. तो फच्च असा आवाज करत निघाला, आणि निघता निघता त्यानं दोन्ही पाय झाडले. डावी टाच माझ्या तोंडावर बसली. ओठ फुटला, दात हलला, आणि टाचेवरचं जे होतं ते तोंडात गेलं. मी किंचाळत होते, त्यामुळं गिळलं. मी मागं पडले ती उकिरड्यातच. तो माझ्या पोटावर, आणि लाथा सुरूच.

जावेला रडू येत होतं, तरी ती हसली. "आगं माय! हे पांगयाची लाथ हाये? हे तं गोऱ्ह्याची हाये!"

पाणी ओतून धुतल्यावर पाहिलं, तर पाय भाजलेल्या वांग्यासारखे झालेले. जागोजागी साल निघत होती. त्यामुळं पुढं कित्येक दिवस तूप लावायचं आणि उघडे ठेवायचे. तोडे काही परत चढले नाहीत. शिमग्याच्या सुमाराला त्यानं जावेचं लुगडं धरलं, उभा राहिला, लुगडं सोडलं आणि चालायला लागला. रांगला नाही तो नाहीच.

सासूबाई म्हणाल्या, "पाह्य! उकिरड्यानं गुण देल्ला."

"आत्याबाई, अर्ध्यातून काढला होता."

"म्हून तं उशीर लागला."

मी म्हणाले, चालू देत नव्हती ती पायातली चांदी. एवढं ओझं बांधल्यावर बैलसुद्धा बसला असता. आणि हे माझं ज्ञान मी वर्षानुवर्षं वाटत सुटले. ज्या घरी पोर असेल तिथं जाऊन, न विचारता, "तोडे काढा." मग कापसाचा भाव पडला, घरातली चांदी आली त्याच वाटेनं गेली, आणि माझा दुसरा मुलगा जन्मला तो कमरेला नुसता काळा दोरा घेऊन. पायात काही नाही. तोही बुडावर घसरला! तसाच, एका बाजूनं, हाताचं वल्हं करून. आणि त्यानंतरची मुलगी त्याच घरात, त्याच जमिनीवर, जावेच्या पोरासारखी रांगली आणि लेंड्या खाल्ल्या. तेव्हा मी कोणत्या तोंडानं बोलणार होते? काही पोरं रांगतात, काही नाही. उभं धरल्यावर पाय जमिनीला रेटतं का, चिडलं की लाथ मारतं का, दोन्ही पायांनी मारतं का, तेवढं पाहावं. बाकी मला ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे म्हणतात त्यांच्या हातात फावडं देऊ नये.

पण हे शहाणपण पुढचं. तेव्हा झालं असं की सासूबाईंनी आमच्या उकिरड्याची कीर्ती केली. कापसाच्या गाड्या जिकडं जात तिकडं ती गेली. तेल्हाऱ्याला, अकोटला, थेट एलिचपूरला. बायका पाहायला यायला लागल्या. लेकाला त्यांच्यापुढं चालून दाखवावं लागे. कोणीतरी उकिरड्याला हळदकुंकू वाहिलं. एका सकाळी त्याच्यावर नारळ फोडलेला दिसला आणि त्याच्या पाण्याला मुंगळे लागलेले. आणि सगळ्या एकच विचारत, पुढचं ग्रहण कधी?

ते वैशाखात होतं. वैशाखात! थंडीत ज्यानं माझ्या लेकाची साल काढली, तो वैशाखात काय करेल? सासूबाईंना समजावून उपयोग नव्हता. त्यांना आता मान मिळत होता. म्हणून मी घरधन्यांच्या कानावर घातलं की यंदा खत लवकर पडलं तर कापूस दुप्पट येईल, शेजारच्यांनी म्हणे कालच टाकलं. एवढं पुरलं. कापसाचं नाव काढलं की त्या वर्षी आमच्या घरातले पुरुष विहिरीत उडी मारायलाही तयार होते. ग्रहणाच्या आदल्या दिवशी गाड्या जुंपल्या आणि संध्याकाळपर्यंत उकिरडा शेतात पसरला.

ग्रहणाच्या सकाळी काहीजणी आल्या, रिकामी जागा पाहून बोटं मोडत परत गेल्या. सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. मला मनातून हसू फुटत होतं. मग तेल्हाऱ्याहून एक गाडी आली. तिच्यातून एक बाई उतरली, काखेत चांगला चार-पाच वर्षांचा पोरगा. रात्रभर गाडीत हलून तिचे डोळे लाल झाले होते. ती सरळ परसात गेली. तिथं काळपट ओला डाग होता, त्यावर शेणकिडे फिरत होते.

"बाई, उकिरडा?"

"शेतात गेला."

"मंग आता?" तिनं माझ्या लेकाकडं पाहिलं. तो कोंबडीमागं धावत होता. "तुमच्या पोराले तं गुण आला न?"

मी तिच्या काखेतलं पोर घेतलं आणि उभं धरलं. त्याचे पाय पिळून टांगलेल्या धडप्यासारखे लोंबले. मी तळव्याला गुदगुली केली, चिमटाही काढला. काही नाही. पोरगा माझ्याकडं पाहून गोड हसला. वरच्या अंगाला सगळी हुशारी होती. हसू फुटायचं माझं तिथंच थांबलं.

"माह्या पोराले काई झालंच नव्हतं, बाई," मी म्हणाले. "तो नुसता रांगत नव्हता."

सासूबाई दारात उभ्या होत्या. मला वाटलं आता चिडतील. त्या उंबऱ्यावर खाली बसल्या.

तेल्हाऱ्याची बाई रडली नाही. ग्रहण लागत होतं, ऊन पिवळं पडलं होतं. तिनं पोराला माझ्याकडून परत घेतलं, त्या काळ्या डागावर बसवलं, नखांनी जमीन खरवडली. उरलंसुरलं ओलं, किडे वळवळणारं शेण ओंजळीत घेतलं आणि पोराच्या दोन्ही गुडघ्यांना चोळलं, वरून खाली, वरून खाली. पोराला गंमत वाटत होती. वास माझ्या नाकात गेला, मी दात घट्ट धरून उभी राहिले. थांब म्हणायला माझ्याकडं दुसरं काय होतं?

ग्रहण सुटल्यावर मी तांब्याभर पाणी आणून तिच्या पुढं धरलं, हात धुवायला. तिनं ते पोराला पाजलं आणि तशाच हातांनी त्याला काखेत घेऊन गाडीत चढली.